पेट्रोलियम जेली की लोशन?

थंडीत हवेतला ओलावा घटतो आणि कातडीतलं पाणी भराभर उडून जातं. त्यावर हाताशी असतात दोन गोष्टी: पेट्रोलियम जेली आणि लोशन.

जेली त्वचेला पाणी देत नाही, फक्त झाकण घालते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट चेसब्रो यांनी १८७२ मध्ये या जेलीचं, म्हणजे व्हॅसलीनचं, पेटंट घेतलं. पाणी अडवण्यात आजही तिच्या तोडीचं फार थोडं सापडतं. मात्र कोरड्याठाक कातडीवर थापली, तर अडवायला पाणीच नसतं! म्हणून अंघोळीनंतर अंग हलकं टिपून, ओलसर असतानाच लावावी. पाणी कोमट असावं. कढत पाण्याने त्वचेचं स्वतःचं तेल धुऊन जातं, मग कुठलीही डबी कमीच पडते. जेली चिकट आहे, कपड्यांना लागते, हे मान्य.

लोशनमध्ये बहुतांश पाणीच. ते पटकन मुरतं, त्यातलं ग्लिसरीन किंवा युरिया ओलावा धरून ठेवतं. पण हात धुतले की गेलं, पुन्हा लावा. सुगंधी तर नकोच, फुटलेल्या त्वचेला झोंबतं.

माझा कौल? ओठ आणि टाचांना रात्री जेली, वर मोजे. दिवसा हातापायांना लोशन. त्वचा फारच कोरडी असेल तर त्याऐवजी घट्ट क्रीम. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, तर मात्र जेली-लोशन बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा.