पोकर शिकायचं: आधी ड्रॉ की थेट होल्डेम?

सोलापुरात दिवाळीला तीन पत्ती खेळणाऱ्यांना पोकर परकं वाटत नाही. गोम एकच: तीन पत्तीत कलरपेक्षा (सगळी पानं एकाच चिन्हाची) सिक्वेन्स (ओळीनं येणारी पानं) भारी, पोकरमध्ये बरोबर उलट. कारण तीन पानांत साधे सिक्वेन्स 720 बनतात, कलर 1,096. पाच पानांत सिक्वेन्स 10,200, कलर 5,108. दुर्मीळ ते वरचढ.

ड्रॉ आणि होल्डेम हे पोकरचे दोन प्रकार. ड्रॉमध्ये पाचही पानं आपल्याच हातात, नको ती एकदा बदलायची. कशापेक्षा काय भारी हा क्रम पाठ व्हायला उत्तम, पण समोरच्याचा अंदाज घ्यायला फारसं काही दिसत नाही.

होल्डेममध्ये हातात दोन पानं, मध्ये पाच उघडी, बोलीच्या चार फेऱ्या. खरं डोकं इथंच लागतं.

माझं मत, एक संध्याकाळ ड्रॉ, मग होल्डेम. आणि पैशांऐवजी शेंगा लावा. आपल्याकडं त्यांना काय तोटा!