आई गेल्यानंतर दोघी बहिणींनी वाचलेलं ‘चौघीजणी’

घरातलं माणूस गेल्यावर वयात येणाऱ्या मुलींना काय वाचायला द्यावं, असं कुणी विचारलं तर मी ‘चौघीजणी’चंच नाव घेईन. लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला हा अनुवाद; मेग, ज्यो, बेथ आणि ॲमी या चार बहिणींची गोष्ट. माझी थोरली बहीण गेल्या वर्षी वारली. तिच्या दोघी मुली, एक अकरावीत, एक सातवीत, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भावोजी आणि आजीजवळ असतात. दिवाळीनंतर करवीर नगर वाचन मंदिरातून मी हे पुस्तक त्यांना आणून दिलं. वाचनालय १८५० सालचं, मूळ कादंबरी १८६८ची. मुदत संपली तरी वाचून झालं नव्हतं, मग विकतच घेतलं.

बेथ जाते त्या प्रकरणाची मला धास्ती होती. अल्कॉटची सख्खी धाकटी बहीण एलिझाबेथ १८५८ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी गेली. तिचं आजारपण लेखिकेनं जवळून बघितलेलं. त्यामुळंच असेल, तिथं आक्रोश नाही. बेथ शिवता शिवता सुई खाली ठेवते, जड लागते म्हणते. थोरलीनं तिथं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “मावशी, आईला पण शेवटी तांब्या जड व्हायचा.” इतक्या महिन्यांत आईच्या आजारपणाबद्दल तिनं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य.

मला मात्र खरी किंमत वाटते ती त्यानंतरच्या पानांची. बेथची झाडलोट, भांडी ज्योच्या अंगावर पडतात. ज्योला घरकामाचा आधीपासून कंटाळा. पण करता करता ती बेथचीच गाणी गुणगुणायला लागते. माणूस गेल्यावर घरात काय उरतं, हे इतकं नेमकं फार कमी पुस्तकांत वाचलंय. यंदा उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, करायची वेळ आली तेव्हा थोरलीनं आईची वही काढली. मागच्या पानावर ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या, धणे, खोबरं, तीळ यांचं प्रमाण आईच्या अक्षरात. आजी म्हणत होती, विकतची आणू. पोरीनं ऐकलं नाही. मिरच्या निवडल्या, भाजल्या आणि स्वतः डंकावर, मसाला कुटायच्या यंत्रापाशी, उभी राहून कुटून आणल्या.

धाकटीला जवळची वाटली ॲमी. बहीण जाते तेव्हा ती परदेशात असते, पत्र उशिरा पोचतं, आणि घरचे कळवतात की आता घाईनं परतू नकोस. आईच्या शेवटच्या आठवड्यात धाकटीला आम्ही माझ्या घरी ठेवलं होतं. ते प्रकरण तिनं कितीदा वाचलं ते तिलाच माहीत. नंतर भावोजींना तिनं थेट विचारलं, मला का नाही बोलावलं? भावोजी तिच्याजवळ बसले, सगळं सांगितलं.

अडचणी आहेत. मधेमधे उपदेश फार. लग्नाबिग्नाच्या भागात धाकटी कंटाळली, तिनं पानं उलटली, उलटू दिली. गोष्टीच्या काळातलं अमेरिकेतलं यादवी युद्ध थोडं समजावून सांगावं लागतं. आणि दिवसपाणी होतं न होतं तोच हे पुस्तक हातात ठेवू नये. मुलींना आपणहून वाचावंसं वाटेपर्यंत थांबावं.

घरात दोघी असतील तर प्रत एकच घ्या. एकीचं वाचून होईतो दुसरी ताटकळते, पुढं काय झालं ते विचारते, आणि त्यातून दोघींचं बोलणं सुरू होतं.