शनिवारी कोणता? मोठा हिंदी, छोटा मराठी की घरचा सोफा

शुक्रवारी चार-पाच चित्रपट एकदम लागतात आणि आपल्याकडे शनिवार एकच असतो. त्यातही संध्याकाळी कुणाची तरी वास्तुशांत निघते. म्हणून कोणता चांगला हे ठरवण्याआधी कोणता थांबू शकतो, हे बघून घेतलेलं बरं. मी गेली काही वर्षं असंच ठरवतो आणि त्यामुळे घरातली वादावादी बरीच कमी झाली आहे. चित्रपटांची नावं मुद्दाम देत नाही. ती दर शुक्रवारी बदलतात, पेच तोच राहतो.

आधी मोठा हिंदी. दक्षिणेतून डब होऊन आलेले चित्रपटही मी याच खात्यात धरतो. पहिल्या शनिवारी ते भरल्या थिएटरात पाहण्यात मजा आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. नायक पडद्यावर यायच्या आधीच शिट्टी पडते, मागच्या रांगेतलं कोणीतरी संवाद आधीच म्हणून टाकतं. ही मजा तिसऱ्या आठवड्यात मिळत नाही. ज्यांना तीच हवी आहे त्यांनी पुढचं वाचण्यात वेळ घालवू नये, सरळ तिकीट काढावं. रहस्यपटाचंही तेच. सोमवारी ऑफिसात कोणीतरी शेवट सांगणारच.

पण या चित्रपटाला पुण्यात जागेची कमी नसते. विमाननगरपासून वाकडपर्यंत, सकाळी नऊपासून मध्यरात्रीपर्यंत कुठे ना कुठे खेळ सुरू होत असतोच. माझ्या मते हाच त्याच्या विरोधातला मुद्दा. एक चुकला तर मागून दुसरा येतो, स्वारगेट-कात्रज बससारखा. शिवाय हिंदी चित्रपट आठ आठवडे ओटीटीवर येऊ नये असा मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचा आग्रह असतो. म्हणजे तुमच्या हातात जवळजवळ दोन महिने आहेत. पहिल्या शनिवार-रविवारी तिकीट चढं असतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, शंभरापर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के. शनिवारी संध्याकाळी शंभराच्या आतलं तिकीट मल्टिप्लेक्सात कुणाला सापडलं तर मलाही कळवा.

इंग्रजीबद्दल फार बोलत नाही. मोठ्या पडद्यासाठीच बनवलेला असेल तर आयमॅक्सला जा, नाहीतर राहू द्या. कोथरूडहून विमाननगरला शनिवारी संध्याकाळी पोचेपर्यंत माझा तरी चित्रपटाचा उत्साह निम्मा झालेला असतो.

आता मराठी, आणि इथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

२०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सांना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी वेळ ठरली संध्याकाळी सहा ते नऊ, आणि लवकरच ती झाली दुपारी बारा ते रात्री नऊ. नोकरी करणाऱ्याने मंगळवारी दुपारी बारा वीसच्या प्राइम टाइमला कसं पोचायचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. नव्या मराठी चित्रपटाच्या वेळा मोबाइलवर उघडून बघा: सकाळी दहा दहा, दुपारी एक पन्नास, रात्री दहा चाळीस. मधल्या संध्याकाळच्या वेळा दुसऱ्याच कुणाच्या.

तरी वेळा एकवेळ सोसता येतात. मला खरा वैताग आहे तो दुसऱ्या शुक्रवारचा. पुढच्या आठवड्यात कोणाला किती खेळ द्यायचे, हे पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या किती भरल्या त्यावर ठरतं. मराठी चित्रपटाचा प्रेक्षक तेव्हा घरात बसून कोणी काय म्हणतंय ते ऐकत असतो. मावशी रविवारी पाहून येते, सोमवारी फोन करते, ‘अगं, आवर्जून बघा’ म्हणते. आपण म्हणतो, येत्या शनिवारी जाऊ. गुरुवारी रात्री तिकिटं काढायला बसावं तर आख्ख्या शहरात उरलेला असतो चिंचवडला दुपारचा एक खेळ. माउथ पब्लिसिटीवर चालणारा चित्रपट असतो आणि माउथ उघडेपर्यंत तो उतरलेला असतो.

हे माझ्या बाबतीत इतक्या वेळा झालंय की आता त्याचा राग येण्याऐवजी हिशोबच धरला जातो. एकदा तर तिकिटं काढून रिक्षात बसलो आणि प्रेक्षक पुरेसे नसल्याने खेळ रद्द झाल्याचा मेसेज आला. पैसे परत मिळाले, पण शनिवार काही परत मिळाला नाही. बायको म्हणाली, ‘आता हिंदी बघायचा का?’ हिंदीचं तिकीट अर्थातच उपलब्ध होतं. सगळीकडे.

अपवाद असतात. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका गटागटाने गेल्या आणि खेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेले. पण दर शुक्रवारी त्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून माझा अंदाज, आणि तो अंदाजच समजा, असा की ज्या मराठी चित्रपटाबद्दल थोडीशी तरी उत्सुकता आहे तो याच शनिवारी पाहावा. परीक्षणांची वाट बघू नये, मावशीच्या फोनची तर नाहीच. ट्रेलर आवडला, दिग्दर्शकाचं आधीचं काम बरं वाटलं, एवढं मला पुरतं.

मराठी आहे म्हणून पाहा, असं मात्र मी म्हणणार नाही. उपकार केल्यासारखं तिकीट काढलं की मध्यंतरालाच चिडचिड सुरू होते. काही चित्रपट खरोखर टीव्ही मालिकेसारखे असतात, सगळी माणसं दिवाणखान्यात बसून बोलतात, आणि तिथे पडदा मोठा असला काय नि छोटा असला काय. असा नुसता बोलका चित्रपट मीही सोफ्यासाठी ठेवतो. फक्त तो सोफ्यापर्यंत येईल याची खात्री नसते. हिंदी चित्रपटाला ओटीटीवर जागा मिळते असं गृहीत धरता येतं, मराठीच्या बाबतीत तसं नाही. कित्येक मराठी चित्रपट थिएटरातून उतरले की कुठेच दिसत नाहीत, आणि मग दोन वर्षांनी एखाद्या वाहिनीवर रविवारी दुपारी, जाहिरातींच्या मधून मधून भेटतात.

सोफ्याचा फायदा सांगायला नको. तोटा माझ्यापुरता एवढाच की घरी चित्रपट सलग होत नाही. कुकर, दूधवाला, सोसायटीचा ग्रुप. ज्यांच्या घरी होतो त्यांचा हेवा वाटतो.

लहान मुलं बरोबर असतील तर निवड बरीचशी आपोआपच होते. हल्ली प्रमाणपत्रावर यूए ७+, १३+, १६+ असे वेगळे गट असतात, ते तिकीट काढण्याआधी बघावेत. पॉपकॉर्नचा मुद्दा दोन्हीकडे सारखाच महाग, म्हणून सोडून देतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरचे पदार्थ अडवण्याचा थिएटरवाल्यांचा हक्क मान्य केला, पण पिण्याचं पाणी मोफत द्यायला हवं असंही सांगितलं. ते हक्काने मागा.

कुठे पाहायचा? मराठीसाठी मी आधी कोथरूडच्या सिटी प्राइडच्या वेळा बघतो. तिथे मराठीला माणसांना जमतील अशा वेळा मिळतात आणि प्रेक्षकही मराठी चित्रपटाला आलेला असतो, चुकून शिरलेला नसतो. विनोदाला हसू योग्य जागी येतं, आणि मला त्याचं आवाजाच्या यंत्रणेपेक्षा जास्त महत्त्व वाटतं. पेठेत किबे लक्ष्मीला, म्हणजे जुन्या लोकांच्या प्रभातला, लागला असेल तर तिकडेही जावं. गाडी मात्र नेऊ नये. अप्पा बळवंत चौकात पार्किंग शोधण्यातच मध्यंतर होईल. मेट्रोने मंडईला उतरून चालत जाणं सोपं पडतं.

तर या शनिवारी, दुपारचा खेळ, मराठी. गुरुवारी रात्री वेळा आल्या की लगेच तिकिटं काढायची, कारण ‘सगळे येणार का विचारून सांगतो’ म्हटलं की ते शुक्रवारवर जातं. आणि मोठा हिंदी? तो मी दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री बघतो. त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी तिकीट स्वस्त असतं आणि शेजारची खुर्ची बॅग ठेवायला रिकामी मिळते. तोवर शेवट कळण्याचा धोका असतो, पण ट्रेलरमध्ये तो निम्मा सांगून झालेलाच असतो.