अंधेरीचा सिझन पास: बारा सामने, नऊ हजेऱ्या

आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी या फुटबॉल संघाचे दोन सिझन पास घेतले होते, एक माझा, एक अकरा वर्षांच्या लेकीचा. २०२४-२५चा हंगाम, घरच्या मैदानावर बारा सामने. त्यातले नऊ मी पाहिले, लेकीने सात. पैसे वसूल झाले का? झाले. अंधेरी किंवा गोरेगावला राहत असते तर व्याजासकट झाले असते. आम्ही डोंबिवलीचे.

आधी जाण्यायेण्याचं सांगते, कारण पास घेताना नेमका तोच विचार केला नव्हता. डोंबिवलीहून फास्ट पकडून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, मग चालत अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल, तिथेच मैदान. मेट्रो नसती तर हा पास मी घेतलाच नसता. सामना साडेसातला सुरू व्हायचा, शेवटची शिट्टी साडेनऊच्या आसपास. गेटमधून बाहेर, मेट्रो, घाटकोपरला पूल चढून-उतरून लोकल, स्टेशनवरून रिक्षा. कुलूप उघडेपर्यंत सव्वाअकरा. शनिवारी-रविवारी ठीक आहे. मधल्या वारी मी विक्रोळीच्या ऑफिसातून परस्पर जाऊ शकते, पण लेकीला डोंबिवलीहून आणणार कोण? आणि सकाळी सातच्या शाळेला उठवणार कोण? नवरा दोन्ही प्रश्नांना मान हलवतो, म्हणजे नाही.

माझे तीन सामने बुडाले ते तिन्ही मधल्या वारचे. माझ्यासारखे किती असतील, हे तिथे गेल्यावर कळलं. आमच्या पुढच्या रांगेत बोईसरहून येणारं एक कुटुंब होतं. शनिवारी चौघे, बुधवारी एकटे काका. शेवटची गाडी चुकायला नको म्हणून ते ऐंशीव्या मिनिटाला उठायचे. त्यांनी न पाहिलेले गोल लेकीने मोजून ठेवलेत.

तिला हा नादच लागला. सामना सुरू व्हायच्या आधी समोरच्या स्टँडमधल्या रिकाम्या रांगा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. वार, वेळ, समोरचा संघ, रिकाम्या रांगा. मी म्हटलं, अगं खेळ बघायला आलोय. पण जानेवारीपर्यंत ती घरून निघतानाच सांगायला लागली, आज बसायला जागाच जागा आहे. तिचा अंदाज सहसा चुकला नाही. आपला संघ कितवा आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. वार कोणता आणि समोर कोण, एवढ्यावरच तिचं गणित चालायचं.

यातला सगळ्यात मोठा सामना केरळा ब्लास्टर्सचा. ३ नोव्हेंबर, रविवार, आणि त्या दिवशी भाऊबीज. दुपारी भावाला ओवाळलं, त्याने पाकीट दिलं, मी त्याला तिकीट दिलं. आझाद नगर स्टेशनवर उतरलो तर पिवळंच पिवळं. नवी मुंबई, वसई, कल्याण, कुठून कुठून मल्याळी मंडळी आली होती, लहान पोरांना खांद्यावर घेऊन. आमच्या फिकट निळ्या जर्सी त्यात शोधाव्या लागत होत्या. भाऊ म्हणाला, ताई, आपण पाहुणे की ते? सामना मात्र आपण ४-२ जिंकला. त्यांच्या पेप्राने बरोबरी साधली आणि आनंदात जर्सी काढली. त्याबद्दल त्याला दुसरं पिवळं कार्ड, म्हणजे मैदानाबाहेर. पिवळ्या बाजूला जी शांतता पसरली ती अजून कानात आहे. मग आमच्या ढोलवाल्यांनी उरलेली वीस मिनिटं कुणाला उसंत दिली नाही. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल बघत होता. रात्री गाडीत त्याचा आवाज पूर्ण बसला होता.

१ मार्चला मोहन बागान आले तेव्हाही तसंच, फक्त मल्याळीच्या जागी बंगाली. त्यांनी शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं आल्याची ट्रॉफी, आधीच जिंकली होती, तरी लोक आले. २-२ झालं. म्हणजे मुंबईचं मैदान भरतं ते पाहुण्यांच्या लोकांनी, असं म्हणून कुणी नाक मुरडेल. मला त्यात काही वाईट दिसत नाही. हे सगळे मुंबईतच राहतात, लोकलचा पास काढतात. आपल्या गावाचा संघ इथे आला की सुट्टी टाकून येतात, एवढंच. उलट प्रश्न आपल्याला आहे. आपलं माणूस कोणत्या संघासाठी सुट्टी टाकेल?

माझे बाबा टाकायचे. कूपरेजला रोव्हर्स कप असायचा, त्याला ते गिरणीतून पहिली पाळी संपवून परस्पर जायचे. ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया या संघांची नावं त्यांच्या तोंडी आजही घरच्या माणसांसारखी येतात. १८९१ला सुरू झालेली ती स्पर्धा दोन हजारच्या सुमारास बंद पडली. महिंद्राने २०१०मध्ये संघ गुंडाळला. मग मुंबई एफसी हा वेगळा संघ होता, तोही २०१७ला आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतून खाली गेला आणि संपला. बाबांना मी सांगितलं की आता आम्ही पास काढलाय, तर म्हणाले, वर्षभर टिकेल ना संघ? मी हसले होते.

आता आकड्यांकडे. २०१४च्या पहिल्या हंगामात आयएसएलच्या सामन्यांना प्रेक्षकांची सरासरी २४ हजारांच्या वर होती. आठ संघ, प्रत्येकाचे घरचे सात सामने, सगळं दहा आठवड्यांत उरकलेलं. आपला संघ तेव्हा नेरूळच्या डी. वाय. पाटीलमध्ये खेळायचा, अनेल्का आणि लुंगबर्ग या युरोपातल्या नावाजलेल्या खेळाडूंना बघायला लोक यायचे. २०२४-२५ला तेरा संघ, साखळी सप्टेंबर ते मार्च, आणि सरासरी त्याच्या निम्म्याच्या आसपास. हे वाचून लीग घसरली म्हणणं सोपं आहे. पण सात सामन्यांची जत्रा आणि बारा सामन्यांची सवय यांची तुलना कशी करायची? शिवाय २०१६ला आपण डी. वाय. पाटील सोडून अंधेरीला आलो. इथे बसतात जेमतेम सहा-सात हजार. मैदान खच्चून भरलं तरी सरासरी खालीच जाणार. पुण्याचा संघ २०१९मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली, दिल्लीचा त्याच वर्षी ओडिशाला गेला. बालेवाडीत जमलेला प्रेक्षक काही बॅग भरून हैदराबादला जात नाही, तो घरी बसतो. आणि मग कोविडचे दोन हंगाम सगळी लीग गोव्यात. २०२१ला मुंबईने शील्ड आणि प्लेऑफच्या बाद फेरीनंतर मिळणारा कप दोन्ही जिंकले, फायनलला बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला, आणि स्टँडमध्ये चिटपाखरू नव्हतं.

उलट बाजूही आहे. २०२३च्या नोव्हेंबरात सौदीचा अल हिलाल आशियाई स्पर्धेसाठी आला तेव्हा सामना डी. वाय. पाटीलला ठेवला आणि ३० हजारांवर लोक गेले. त्यांचा स्टार नेमार जखमी होऊन आलाच नाही, तरीही. २०२४च्या मे महिन्यात आपण कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप आणला तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियमवर ६२ हजार माणसं होती. आपल्या जल्लोषासाठी नव्हती, तो भाग वेगळा.

आमच्याच अंधेरीच्या मैदानाची गोष्ट तर मी लेकीला दर सामन्याला सांगते. जून २०१८, भारत विरुद्ध चिनी तैपेई. भारताचा कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल मारले, ५-० जिंकलो, आणि बघायला अडीच हजारांच्या आसपास माणसं. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, अशा अर्थाचा. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध भर पावसात मैदान हाउसफुल्ल. तेच मैदान, तोच संघ, वार सोमवार. लेकीच्या वहीतलं गणित तिथे सपशेल खोटं पडतं, आणि ती अजून त्याच्यावर डोकं खाजवते आहे.

पासबद्दलच्या तक्रारी थोडक्यात. तिकिटाचं जे ॲप होतं ते गेटवर पोचलं की हटकून ओटीपी मागायचं आणि तिथे हजार माणसांत नेटवर्क नसायचं. दुसऱ्या सामन्यापासून मी घाटकोपरलाच क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला लागले. खाण्याचे भाव सांगत नाही, घरून निघताना पोटभर खाऊन निघा.

जागा घेताना ढोलवाल्यांच्या अगदी शेजारी घेऊ नका, लहान मूल असेल तर नक्कीच नको. थोडं बाजूला, मधल्या उंचीवर बसा. मैदान लहान असल्यामुळे कुठूनही चेंडू लाथाडल्याचा आवाज येतो. माणसं कमी असतात त्या रात्री तर जास्तच. कोच कुणाला हाक मारतो, कोण कुणावर चिडतो, सगळं ऐकू येतं. ते टीव्हीवर नाही मिळत. खरं सांगायचं तर लेकीला त्या रिकाम्या रांगांचे सामने जास्त आवडले, कारण कुंपणाजवळ जाऊन उभं राहता यायचं आणि आमच्या संघाचा छांगते सराव करताना दहा फुटांवर दिसायचा.

हंगामात आपण सहावे आलो, बंगळुरूला जाऊन प्लेऑफमध्ये ५-० खाल्ले, तो सामना आम्ही फोनवर पाहिला आणि मध्येच बंद केला.

पुढच्या वर्षीही पास काढायचा असं ठरवलं होतं. नवराही तयार झाला होता, फक्त शनिवार-रविवारसाठी. मग ११ जुलै २०२५ला बातमी आली की लीग तूर्त थांबवली आहे. भारतीय फुटबॉल महासंघाचा आयोजक कंपनीशी २०१०चा पंधरा वर्षांचा करार त्या डिसेंबरात संपणार होता, त्याचं पुढचं तेव्हा काही ठरलेलं नव्हतं. मी बातमी बाबांना वाचून दाखवली नाही, पण त्यांनी पेपरात वाचली असणार. संध्याकाळी चहाला आले तेव्हा पासबद्दल काही बोलले नाहीत. लेकीला मात्र विचारलं, वही कुठे आहे तुझी, जरा दाखव.