फॉल्स सीलिंगच्या वर गेलेले स्प्रिंकलर खाली आणले: वाकडच्या फ्लॅटमधला अनुभव

पुण्यात वाकडला सतराव्या मजल्यावर नवा फ्लॅट घेतला. इंटिरिअरवाल्याने पीओपीचं सीलिंग नऊ इंच खाली आणलं आणि बिल्डरने बसवलेल्या सहा स्प्रिंकलरपैकी (आग लागली की छतातून पाणी फवारणारी तोंडं, यांनाच 'हेड' म्हणतात) पाच त्याच्या वर झाकून टाकले. सहावा स्वयंपाकघरात होता, त्यावर पेंटरने छताबरोबर ब्रश फिरवला. सोसायटीचा सुपरवायझर घर बघायला आला आणि म्हणाला, "ताई, हेड कुठे गेली?" तेव्हा मला कळलं. इंटिरिअरवाल्याला फोन केला तर म्हणे, ते फक्त एनओसीपुरते, म्हणजे अग्निशमन दलाच्या ना-हरकत दाखल्यापुरते असतात. माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदललेत. आग लागली की लिफ्ट वापरता येत नाही, आणि सतरा मजले जिन्याने ती कशी उतरणार?

सोसायटीच्या आगीच्या यंत्रणेचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) ज्या लायसन्सधारक एजन्सीकडे आहे, तिलाच काम दिलं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो, तोही हीच एजन्सी देते. यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मात्र मालकाची आणि राहणाऱ्याची, म्हणजे आपलीच. फ्लॅट घेताना हे मला कोणीच नीट सांगितलं नव्हतं.

दहाची वेळ दिली होती, माणसं आली एक वाजता. पण काम त्यांनी मन लावून केलं. डक्टमधला (इमारतीचे पाइप जातात त्या पोकळीतला) आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून पाइपातलं पाणी बादलीत काढलं. काळंकुट्ट पाणी, गंजाचा उग्र वास, तीन बादल्या. मग सीलिंगला गोल कापून पाइप वाढवले आणि हेड सीलिंगच्या खाली आणली. रंग लागलेलं हेड पुसून घ्या म्हटलं, तर वयस्कर टेक्निशियनने साफ नकार दिला. रंग बसला की ते वेळेवर उघडेल याचा भरवसा नाही, बदलायचंच.

जुनं हेड त्यांनी माझ्या हातात दिलं. मधे काडेपेटीतल्या काडीपेक्षा थोडी जाड काचेची नळी, आत लाल द्रव आणि एक बारीक बुडबुडा. साधारण ६८ अंशांना तो द्रव फुगून काच फुटते आणि पाणी सुटतं. धुराने नाही, उष्णतेने. आणि तापलं तेवढंच हेड उघडतं. फोडणीच्या धुराने घरभर पाणी होईल ही आईची भीती तिथेच गेली.

पाणी परत भरल्यावर प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर लावून बघितला. हॉलमधला एक ओलसर निघाला, तो उघडून पुन्हा बसवला. त्यानंतरही तासभर थांबून सगळे जोड परत तपासले.

खर्च ११,४०० रुपये, नवीन हेड धरून. आधी सांगितला तेवढाच. तक्रार दोन गोष्टींची: सोफ्यावर काहीही न झाकता सीलिंग कापलं, आणि केलेल्या कामाचा कागद तीन फोन केल्यावर मिळाला. तरी पाचपैकी चार.

ज्यांचं इंटिरिअर अजून व्हायचंय त्यांनी पीओपीवाल्याच्या आधी या लोकांना बोलवा. सांगाडा उघडा असताना हेच काम बिना तोडफोडीचं होतं.

इंटिरिअरवाल्याचं शेवटचं बिल मी अजून दिलेलं नाही. हे ११,४०० त्यातून वळते करणार आहे, तसं त्याला लेखी कळवलंय.