निळ्या पाण्यातला फायटर

चतुर्थीच्या आधी लेकाने फायटर मासा हवा म्हणून हट्ट धरला. मोबाईलवर एका मासे विकणाऱ्याचा व्हिडिओ आला होता: गर्द निळा मासा, शेपटी अर्ध्या चंद्रासारखी उलगडलेली. थायलंडचा हाफमून, बाराशे रुपये, पैसे आधी. मी भरले. फोंड्याच्या बसस्टँडवर त्याने पिशवी हातात दिली, तर आतलं पाणी शाईसारखं निळं.

"औषध घातलंय ताई, प्रवासाचा त्रास होत नाही."

मिथिलीन ब्लू मासेवाले खरंच वापरतात, म्हणून मला ते पटलं. पण तशा निळ्या पाण्यात मासा धड दिसतच नाही. घरी पांढऱ्या टोपात सोडला तेव्हा कळलं: शेपटीच्या कडा काळपट, कुरतडल्यासारख्या, पर अंगाला चिकटलेले. व्हिडिओतला मासा हा नव्हेच.

सोबत साडेतीनशेची एक बाटली त्याने गळ्यात मारली होती. लेबल नाही, आत पाण्यासारखंच काहीतरी. "रोज दोन थेंब टाका. क्लोरीन जातं, घाण जाते, दीड महिना पाणी बदलू नका. आणि टाकी कशाला? हा वरची हवा घेतो, दोन लिटरची बरणी पुष्कळ."

यातलं हवेचं तेवढं खरं आहे. बेट्टाला, म्हणजे याच फायटरला, हवेतून श्वास घ्यायचा वेगळा अवयव असतो, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो तग धरतो. पण त्याच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो जातो कुठे? दोन लिटरमध्ये तो साचतच राहतो, मासा त्यातच पोहतो, कल्ले जळतात. पाचव्या दिवशी आमचा मासा तळाशी पडून होता. सहाव्या दिवशी सकाळी मुलगा उठून आधी बरणीपाशी गेला. त्याचं रडणं अजून माझ्या कानात आहे.

बरणीतलं पाणी मी फेकलं नाही. अमोनिया तपासायच्या किटमध्ये ते हिरवंगार झालं, म्हणजे अमोनिया भरपूर. मग दोन पेल्यांत नळाचं ताजं पाणी घेतलं. एकात त्या बाटलीतले थेंब घातले, दुसऱ्यात दुकानातलं साधं अँटिक्लोरीन. शेजारचे काका स्विमिंग पूल सांभाळतात, त्यांच्याकडचे क्लोरीन तपासायचे थेंब दोन्हीत टाकले. दुसरा पेला स्वच्छ राहिला, पहिला पिवळाधमक. बाटलीत क्लोरीन मारणारं काहीच नव्हतं.

त्याला फोन केला तर म्हणाला, "तुमच्या हातून मेला." मग नंबर ब्लॉक. मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. रक्कम लहान आहे म्हणून तुम्ही गप्प बसू नका.

मासा साध्या पाण्यात, पांढऱ्या भांड्यात, समोर पोहताना बघूनच पैसे द्या. नवी टाकी स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो. अमोनिया खाणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर हळूहळूच वाढतात. आता आमच्याकडे वीस लिटरची टाकी आहे. अमोनिया आणि त्यापासून बनणारं विषारी नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच त्यात मासा सोडला. दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतो, आणि बादलीत अँटिक्लोरीन मोजून घालायचं काम मुलाचं.

परवा एका मैत्रिणीने मला एक व्हिडिओ पाठवला, "घेऊ का?" म्हणून. नंबर वेगळा, पण मासा तोच निळा आणि मागचा फुलाफुलांचा पडदाही तोच. दर आता पंधराशे.