रंकाळ्याला बँड पुरे, पन्हाळ्याला घड्याळ हवं

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाभोवती रोज फेरी मारणाऱ्याला साधा फिटनेस बँड पुरतो. उगाच जास्त पैसे घालू नयेत. त्यातला अ‍ॅक्सेलरोमीटर हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतो आणि पावलाच्या अंदाजे लांबीवरून अंतर काढतो. म्हणूनच महाद्वार रोडवरून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन निघालात की काही पावलं बुडालीच म्हणून समजा! जीपीएसचं घड्याळ उपग्रहांवरून अंतर धरतं, हात हलो न हलो. बॅरोमीटर असेल तर पन्हाळ्याचा चढही हवेच्या दाबावरून कळतो. बॅटरी मात्र जीपीएस चालू असताना भराभर उतरते. तालमीत जोर-बैठका काढणाऱ्यांनी दोन्हींवर फार विसंबू नये. जोर काढताना मनगट वाकलं की त्यांच्या मनगटाकडच्या बाजूच्या हिरव्या प्रकाशावर चालणारं नाडीचं मोजमाप गडबडतं.